रांजणातली अक्षरे : एसएसडी समजून घेताना

"काका, ही हार्ड डिस्क असती तर काहीतरी खटपट करता आली असती. ही एसएसडी आहे. हिच्यातून आता काही निघेल असं वाटत नाही."

तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाने हे सांगितले, तेव्हा मला त्यातले अर्धेच समजले होते. त्याच्या टेबलावर माझी काळी डबी पडली होती. आकाराने पत्त्यांच्या कॅटाएवढी, वजनाला त्याहूनही हलकी. त्या डबीत मी सात वर्षे डोंगरातल्या वाड्यावस्त्या फिरून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्या कामापुढे माझे काम म्हणजे पसाभर दाणे. पण ते आमच्या खोऱ्यातले दाणे होते, आणि गाणाऱ्या बायांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत. माझी थोरली आत्या त्यांतलीच एक.

चूक माझीच होती. जुना लॅपटॉप मोडीत काढताना त्यातली एसएसडी मी काढून घेतली, बाहेरून जोडायच्या डबीत बसवली, सगळ्या ओव्या तिच्यावर उतरवल्या आणि जुनी कुरकुरणारी हार्ड डिस्क भंगारात दिली. 'हिच्यात फिरणारे काही नाही, त्यामुळे बिघडणारेही काही नाही,' असे मला कुणीतरी सांगितले होते. डबी कापडात गुंडाळून, डांबरगोळ्या घालून मी ती पत्र्याच्या घराच्या माळ्यावर पेटीत ठेवली. तीन उन्हाळे गेले. बाहेर काढली तेव्हा पहिल्या दिवशी काही फाइली वाजल्या, काही अर्ध्यावर थांबल्या, काही उघडल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी संगणकाने डबीची ओळखच दिली नाही.

मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. मोडी जशी शिकलो तसेच हेही शिकलो : गरज पडली म्हणून, चुकतमाकत, मिळेल ते वाचून. ज्या वस्तूत आपण आज घरातले फोटो, लेखांचे खर्डे आणि गेलेल्या माणसांचे आवाज ठेवतो, ती वस्तू आठवण कशी धरते आणि कशी सोडते, एवढेच मला समजून घ्यायचे होते. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एक तरी डबी असणार, म्हणून हा प्रपंच.

आधी जुनी तबकडी

संगणकात आठवणीच्या दोन जागा असतात. एक कामापुरती, वीज गेली की पुसली जाणारी. तिला रॅम म्हणतात. ती फळ्यासारखी. दुसरी साठवणीची, वीज गेल्यावरही टिकणारी, ती कपाटासारखी. आपला विषय या दुसऱ्या जागेचा.

हे कपाट दीर्घकाळ फिरत्या तबकडीचे होते. १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर फिरत, वजन टनाच्या घरात, आणि एवढ्या सगळ्यात सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. पुढे तबकड्या लहान झाल्या, तत्त्व तेच राहिले. तबकडीवर चुंबकीय लेप असतो. त्यातल्या बारीक ठिपक्यांच्या चुंबकत्वाची दिशा बदलली की लिहिले जाते, ती दिशा ओळखली की वाचले जाते. लिहिणारे-वाचणारे टोक एका हातावर बसवलेले असते आणि तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेत असते.

ग्रामोफोन आठवला तर हे चटकन कळेल. हवे ते गाणे लावायचे तर सुई उचलून त्या जागी न्यावी लागते. हार्ड डिस्कचा सगळा वेळ या 'नेण्यात' जातो. एक जागा गाठायला तिला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. आपल्याला हा वेळ काहीच वाटत नाही, पण संगणक सुरू होताना अशा हजारो जागा गाठाव्या लागतात. म्हणून जुना संगणक चालू करून आपण चहा टाकायला जात असू. एसएसडीत जागा गाठायची म्हणजे हात हलवायचा नसतो, विजेचा इशारा द्यायचा असतो. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत होते. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की तो तरुण झाल्यासारखा वाटतो, त्याचे रहस्य एवढेच.

झाकणबंद रांजण

मग फिरणारे काही नाही, तर अक्षर राहते कुठे?

१९६७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झे या दोघांनी एक कल्पना मांडली. जेवणाच्या सुट्टीत पुढ्यात आलेल्या थराथरांच्या केकवरून ती सुचली, अशी आठवण झे यांनी सांगितली आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणारी चावी. या चावीच्या थरांमध्ये आणखी एक थर घालायचा, आणि तो वरून-खालून वीज न वाहू देणाऱ्या पदार्थाने पूर्ण बंद करून टाकायचा. त्या बंदिस्त थरात इलेक्ट्रॉन एकदा अडकले की बाहेरची वीज गेली तरी ते तिथेच राहतात.

मी हे माझ्यापुरते असे समजून घेतले : जमिनीत पुरलेला, तोंड कायमचे लिंपून टाकलेला एक अतिसूक्ष्म रांजण. झाकण उघडता येत नाही. मग पाणी आत जाते कसे? बाहेरून मोठा दाब दिला, म्हणजे साधारण वीस व्होल्टच्या आसपास वीज लावली, की इलेक्ट्रॉन त्या पातळ भिंतीतून पलीकडे जातात. भिंत फोडून नव्हे. अणूंच्या पातळीवरच्या नियमांनुसार ते अलीकडून नाहीसे होऊन पलीकडे हजर होऊ शकतात. आपल्या रोजच्या जगात याला उपमा नाही. भिंतीची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी असते, म्हणूनच हे जमते. उलट दिशेने दाब दिला की रांजण रिकामा होतो. रांजण भरला आहे की नाही हे पाहायलाही झाकण काढावे लागत नाही. आत इलेक्ट्रॉन असले की शेजारच्या चावीतून प्रवाह वाहायला जास्त जोर लागतो. त्यावरून आतले कळते. विहिरीत डोकावून न बघता पोहऱ्याच्या आवाजावरून पाणी ओळखावे तसे.

या रांजणांची व्यवहारात उपयोगी पडेल अशी मांडणी जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी केली. १९८४ साली त्यांनी ती सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडली, आणि आज एसएसडीत वापरतात तो 'नँड' प्रकार १९८७ साली पुढे आला. एका झटक्यात पुष्कळ रांजण रिकामे करण्याची या पद्धतीची रीत पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली, आणि 'फ्लॅश' हे नाव पडले. आपला पेन ड्राइव्ह, मोबाइलमधली साठवण, कॅमेऱ्याचे कार्ड आणि एसएसडी ही सगळी याच घराण्यातली भावंडे. १९९१ साली पोर्टेबल संगणकासाठी आलेल्या अशा एका ड्राइव्हची क्षमता २० एमबी होती आणि किंमत सुमारे हजार डॉलर. आज तेवढ्या जागेत मोबाइलवरचे पाच-सात फोटोही मावणार नाहीत.

एका 'क'ला किती रांजण?

संगणकाला शून्य आणि एक या दोनच खुणा कळतात. रिकामा रांजण म्हणजे एक, भरलेला म्हणजे शून्य, असा इथला संकेत आहे. आपला 'क' आजच्या प्रचलित पद्धतीत चोवीस खुणांनी लिहिला जातो : १११००००० १०१००१०० १००१०१०१. म्हणजे एका 'क'ला चोवीस रांजण. 'कि' लिहायचा तर वेलांटी वेगळी मोजतात, तिचे आणखी चोवीस. प्रत्यक्षात या खुणा साठवण्याआधी ठरावीक रीतीने मिसळून घेतल्या जातात, पण हिशेब हाच.

इथे व्यापार आला. चोवीस रांजणांऐवजी कमी रांजणांत 'क' बसवला तर माल स्वस्त होईल. मग कारखानदारांनी रांजण नुसता भरलेला-रिकामा न ठेवता त्याच्यावर पातळीच्या खुणा धरल्या. चार पातळ्या ओळखल्या तर एका रांजणात दोन खुणा बसतात, आठ ओळखल्या तर तीन, सोळा ओळखल्या तर चार. या प्रकारांना अनुक्रमे एमएलसी, टीएलसी आणि क्यूएलसी म्हणतात. पहिल्या साध्या प्रकाराला एसएलसी. चोवीस रांजणांचे काम अशा रीतीने बारा, आठ आणि शेवटी सहा रांजणांवर आले.

किंमत उतरली, पण फुकट काही मिळत नाही. मापाचा डबा भरला आहे की रिकामा, हे अंधारातही सांगता येते. तोच डबा सोळा खुणांचा असेल, आणि पाणी नवव्या खुणेवर आहे की दहाव्या हे सांगायचे असेल, तर दोन थेंब आटले तरी उत्तर चुकते. म्हणून टीएलसी आणि क्यूएलसी स्वस्त असतात, पण नाजूकही असतात. बाजारात घरगुती वापरासाठी बहुतेक हेच मिळतात.

खोली भरता येते, मजला रिकामा करावा लागतो

एसएसडीची सर्वांत चमत्कारिक गोष्ट मला उशिरा समजली. तिच्यात लिहायची रीत आणि पुसायची रीत वेगळी आहे.

रांजण पानापानांत मांडलेले असतात. एक पान बहुधा चार ते सोळा केबीचे. सोळा केबीच्या पानात साधारण पाच हजार देवनागरी चिन्हे मावतात. काना, मात्रा, वेलांटी सगळे धरून. अशी शेकडो पाने मिळून एक गठ्ठा होतो. लिहिता-वाचता येते ते पानापानाने. पुसता मात्र येतो तो सगळा गठ्ठा, एकदम. आणि लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी ते पुसलेले असावे लागते.

एखाद्या वसतिगृहाचा नियम असा असावा की मुलांना खोल्या एकेक करून द्यायच्या, पण खोली मोकळी करायची तर सगळा मजला एकदम मोकळा करायचा. मग व्यवस्थापक काय करील? जुन्या खोलीवर फुली मारील, मुलाला दुसरीकडे रिकामी खोली देईल आणि वहीत नवा पत्ता लिहील. एखाद्या मजल्यावर फुल्याच फुल्या झाल्या की तिथे उरलेल्या दोन-चार मुलांना हलवून तो मजला धुऊन काढील.

एसएसडीतही असा व्यवस्थापक असतो. त्याला नियंत्रक म्हणू. ही एक स्वतंत्र चिप असते, म्हणजे एसएसडीत आणखी एक लहानसा संगणकच बसलेला असतो. आपण लेखातला एक शब्द बदलतो, तेव्हा तो जुन्या जागी बदलत नाही. दुसऱ्याच पानावर लिहिला जातो आणि वहीतला पत्ता बदलतो. एकाच गठ्ठ्यावर सगळा भार पडू नये म्हणून नियंत्रक पाळीपाळीने सगळे गठ्ठे वापरतो. हे सगळे करायला त्याला मोकळी जागा लागते, म्हणून एसएसडी काठोकाठ भरली की ती मंदावते. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी, हा सल्ला त्यासाठीच.

दुकानातल्या मुलाच्या बोलण्याचा अर्थ इथे उलगडू लागला. हार्ड डिस्कवरची फाइल आपण काढून टाकली तरी तबकडीवर ती तशीच असते. फक्त नोंद पुसलेली असते. तिथे शोधाशोध करून पुष्कळदा ती परत मिळते. एसएसडीला मात्र संगणक लगेच कळवतो की ही पाने आता नकोत, आणि नियंत्रक सवडीने तो गठ्ठा खरोखरच धुऊन टाकतो. चुकून काढलेली फाइल इथे बहुधा कायमची जाते. माझी कथा वेगळी होती, मी काही काढून टाकले नव्हते. पण अडचण त्याच वहीपाशी येऊन थांबत होती. कुठले पान कुठे आहे हे सांगणारी ती वहीसुद्धा शेवटी याच रांजणांत लिहिलेली असते. वहीच वाचता येईना, तर हजारो पानांची क्रमवार जुळणी कुणी करायची? काही ठिकाणी महागड्या प्रयोगशाळा हे करून पाहतात. तालुक्याच्या दुकानात ते होत नाही.

झिजणे आणि झिरपणे

रांजणाला दोन रोग आहेत.

पहिला झिजण्याचा. प्रत्येक वेळी दाब देऊन इलेक्ट्रॉन भिंतीतून आत-बाहेर केले की भिंत थोडी जखमी होते. एसएलसीचा रांजण असा सुमारे एक लाख वेळा भरता-पुसता येतो, टीएलसीचा साधारण एक ते तीन हजार वेळा, क्यूएलसीचा त्याहून कमी. आकडे ऐकून घाबरायचे कारण नाही. पाचशे जीबीच्या टीएलसी एसएसडीवर एकूण सुमारे तीनशे टीबी लेखनाची हमी सर्रास असते. रोज वीस जीबी लिहिले तरी वर्षाला सव्वासात टीबी होतात; म्हणजे हमी संपायला चाळीस वर्षे. लेखकाच्या लेखनाने एसएसडी झिजत नाही. आपण दोन हातांनी तेवढे लिहूच शकत नाही.

दुसरा रोग झिरपण्याचा, आणि याबद्दल मला कुणीच सांगितले नव्हते. भिंत कितीही चांगली असली तरी इलेक्ट्रॉन हळूहळू निसटत राहतात. नव्या रांजणात हे फार सावकाश होते, वर्षानुवर्षे काही कळत नाही. पण भिंत झिजलेली असली की ते वाढते, आणि उष्णतेने आणखी वाढते. एसएसडीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेची अपेक्षा पाहून मी चकित झालो : घरगुती वापराच्या एसएसडीने, तिच्या लेखनाची सगळी हमी वापरून झाल्यावर, वीज न देता तीस अंश तापमानात एक वर्ष मजकूर टिकवावा. कार्यालयांतल्या मोठ्या संगणकांच्या एसएसडीसाठी तर चाळीस अंशांत तीनच महिने. कारण ती सतत चालू राहावी अशीच कल्पना आहे. ही वस्तू कामाची आहे. माळ्यावर ठेवायची नाही.

नियंत्रक चुका दुरुस्तही करतो. प्रत्येक पानासोबत तो पडताळ्याचे जादा आकडे लिहून ठेवतो. पाढ्यातला एखादा आकडा पुसला गेला तरी शेजारच्यांवरून तो सांगता येतो, तसे थोडे रांजण आटले तरी तो मूळ मजकूर जुळवून देतो. ही मर्यादा ओलांडली की मात्र तो पान देतच नाही. म्हणून जुना कॅसेट प्लेअर खरखरत का होईना वाजतो, आणि ही डबी कालपर्यंत निर्मळ वाजून आज एकदम मुकी होते. तिच्या म्हातारपणाची चाहूल कानाला लागत नाही.

माझ्याकडची एसएसडी अनेक वर्षे वापरलेली होती, म्हणजे भिंती झिजलेल्या. तिला मी पत्र्याखालच्या माळ्यावर तीन उन्हाळे वीज न देता ठेवले. तीन वर्षे बंद राहिलेल्या प्रत्येक एसएसडीचे असेच होईल असे नाही. बऱ्याच जणी सुखरूप उठतील. पण भरवसा कशाचा धरायचा आणि कशाचा नाही, हे मला आता कळते.

नक्कल हेच जतन

मग करायचे काय? रोजच्या कामासाठी एसएसडीच घ्यावी. वेग, शांतता, हिसक्यांना न डगमगणे, यांत तिला तोड नाही. घेताना आपल्या संगणकात कुठला प्रकार बसतो ते विचारावे. अडीच इंची साटा प्रकार सेकंदाला साधारण साडेपाचशे एमबी वाचतो, तर च्युइंगगमच्या पट्टीसारखा दिसणारा एनव्हीएमई प्रकार काही हजार एमबी. जुना लॅपटॉप असेल तर पहिला प्रकारही भरपूर होतो. आणि ती कितीही महाग घेतली तरी मजकुराची एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवू नये.

दीर्घ मुदतीच्या साठवणीला हार्ड डिस्क तुलनेने बरी, कारण चुंबकत्व असे झिरपून जात नाही. पण तिचीही यंत्रे अडकतात. निदान तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि एक प्रत दुसऱ्या घरी. नुसती डबी जोडून दिवा लागलेला पाहिला म्हणजे झाले, असे मानू नये. फाइली उघडून वाचाव्यात, ऐकाव्यात, आणि काही वर्षांनी नव्या वस्तूवर नवी प्रत करावी.

हे लिहिताना मला सारखी जुन्या लेखकूंची आठवण येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्रात हरवली. महानुभावांनी ते आपापल्या आठवणीतून पुन्हा उभे केले, त्याच्या नकला केल्या, आणि म्हणून आज पाठभेदांसकट का होईना ते आपल्यापाशी आहे. ग्रंथ टिकला तो कागदाच्या बळावर नव्हे, पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्या हातांच्या बळावर. मी आयुष्यभर पोथ्यांच्या नकला तपासत आलो, आणि माझ्याच ओव्यांची नक्कल करून ठेवायचे मला सुचले नाही.

आत्याच्या चौदा ओव्या मात्र वाचल्या. माझ्या पुतणीने तिच्या लग्नाआधी त्या आपल्या मोबाइलवर उतरवून घेतल्या होत्या. जतन वगैरे तिच्या मनातही नव्हते, तिला आजीचा आवाज हवा होता. माहितीच्या कपाटाबद्दल मी शेकडो पाने वाचली, पण जतनाचे काम तिने केले होते. इतर बायांच्या काही ओव्या त्यांच्या नातवंडांकडे मिळतात का, हे विचारत मी आता पुन्हा वाड्यावस्त्या फिरतो आहे. काही मिळाल्या. बऱ्याच नाही मिळणार.

दिवाळीआधी घरातले डबे उन्हात घालायची आमच्याकडे पद्धत आहे. गेली दोन वर्षे त्याच दिवशी मी साठवणीच्या डब्याही काढतो. उन्हात नव्हे, टेबलावर. एकेक जोडतो, उघडतो, ऐकतो, नवी प्रत करतो. तासन्तास जातात. सुरुवात नेहमी त्या चौदा ओव्यांपासून करतो, आणि त्या संपेपर्यंत घरात कुणी काही बोलत नाही.